रसायन अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला काय सांगावे?

काहील (धागाकर्ता)

नमस्कार. बावीस वर्षे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कारखान्यांत उत्पादन विभागात काम केल्यावर गेली चार वर्षे मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आहे. नव्या मुलांना शाखेची ओळख करून देण्याचा तास दर वर्षी माझ्याकडे असतो आणि मी त्याची सुरुवात 'ही शाखा का घेतली?' या प्रश्नाने करतो. बहुतेकांची उत्तरे दोनच असतात. बारावीला केमिस्ट्री आवडायची म्हणून, किंवा संगणक शाखेला नंबर लागला नाही म्हणून. दुसऱ्या उत्तराचे मला वाईट वाटत नाही, कारण नाइलाजाने आलेली अनेक मुले पुढे या विषयात रमलेली मी पाहिली आहेत. काळजी वाटते ती पहिल्या उत्तराची. केमिस्ट्री आवडते म्हणून आलेला मुलगा दुसऱ्या वर्षी पंप, पाइप, उष्णतेचे हिशेब आणि अवकल समीकरणे समोर आली की गोंधळतो, आणि आपली फसवणूक झाली असे त्याला वाटू लागते. त्याचा हा समज पहिल्याच तासाला दूर झाला पाहिजे, असे माझे मत आहे.

म्हणून मी फळ्यावर गुऱ्हाळ काढतो. आमच्याकडे सांगली-कोल्हापूरची मुले बरीच असतात. त्यांना काहील (रस आटवायची मोठी कढई), चुलवाण (तिच्याखालची भट्टी), चिपाड (रस काढून उरलेला ऊस, जो जाळतात) हे शब्द घरचे आहेत. मी सांगतो की काहिलीत १००० किलो उसाचा रस आहे, त्यात १८ टक्के विरघळलेले घन पदार्थ आहेत आणि शेवटी हातात येणाऱ्या गुळात ५ टक्के ओलावा राहणार आहे. तर गूळ किती मिळेल? मळी (रसावर येणारी घाण) काढताना जाणारा अंश तूर्त सोडून देऊ. थोड्या वेळाने कुणीतरी मांडतो की घन पदार्थ १८० किलो आहेत, ते काहिलीतून कुठेही जात नाहीत, म्हणून १८० भागिले ०.९५, म्हणजे साधारण १९० किलो गूळ. मग मी विचारतो की उरलेले ८१० किलो कुठे गेले? उत्तर सगळ्यांना माहीत असते, पण ८१० किलो पाणी वाफ होऊन आकाशात गेले हे आकड्यात मांडल्यावर वर्ग क्षणभर शांत होतो.

पुढचा प्रश्न उष्णतेचा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. ८१० किलोंना १८ लाख किलोज्यूलच्या थोडे वर, आणि रस आधी उकळीला आणायला आणखी सुमारे ३ लाख. एक किलो वाळलेल्या चिपाडात साधारण १५ हजार किलोज्यूल धरले, तर १४० किलो चिपाडात काम व्हायला हवे. गुऱ्हाळावर वाढलेली मुले इथे लगेच हात वर करतात, कारण प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट चिपाड जळते हे त्यांनी पाहिलेले असते. मग ती उष्णता कुठे गेली? धुराड्यातून गेली, चुलवाणाच्या भिंतींतून गेली, अर्धवट जळालेल्या चिपाडातून गेली. आत आलेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी गेलीच पाहिजे आणि ती कुठे गेली हे आपल्याला सांगता आले पाहिजे, ही आमच्या शाखेची पहिली शिस्त आहे.

तासाच्या शेवटी मी साखर कारखान्याकडे जातो. तिथेही रस आटवायचाच असतो. समजा १०० किलो रस १५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर न्यायचा आहे, म्हणजे ७५ किलो पाणी काढायचे आहे. पण तिथे पहिल्या भांड्यातून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या भांड्याला तापवायला वापरतात, दुसऱ्यातली तिसऱ्याला, तिसऱ्यातली चौथ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवलेला असल्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो आणि आधीची 'थंड' झालेली वाफही त्याला पुरते. अशी चार भांडी लावली की ७५ किलो पाणी काढायला बाहेरून २० किलोंच्या आसपासच वाफ द्यावी लागते, व्यवहारात थोडी जास्त. ही युक्ती अमेरिकेतल्या लुइझियानात नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० च्या दशकात प्रत्यक्षात आणली, तेव्हा 'केमिकल इंजिनिअर' हा शब्दही रूढ झाला नव्हता. यात कोणतीही रासायनिक अभिक्रिया नाही, तरीही हे अस्सल केमिकल इंजिनिअरिंग आहे.

या तासात अजून काय असावे आणि काय नसावे, याबद्दल इथल्या जाणकारांचे मत हवे आहे. विद्यार्थी आणि पालकांनीही मोकळेपणाने लिहावे.

अंबरनाथ

काहील सर, गुऱ्हाळाचे उदाहरण उत्तम आहे. मी त्यात एक मुद्दा जोडू इच्छितो, तो आकारमानाचा. प्रयोगशाळेत जे दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये झाले, ते दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये तसेच का होत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळले पाहिजे.

हिशेब सोपा आहे. भांड्याचा आकार तोच ठेवून त्याचे घनफळ हजार पट केले, तर लांबी-रुंदी दहा पट होते आणि पृष्ठभाग शंभर पट. उष्णता तयार होते ती घनफळाच्या प्रमाणात, म्हणजे हजार पट. बाहेर जाते ती जॅकेटच्या (भांड्याभोवतीच्या थंड आवरणाच्या) भिंतीतून, म्हणजे शंभर पट. प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी थंड भिंत दहा पटींनी कमी झाली. फ्लास्क बर्फात बुडवून जो थेंबथेंब टाकायचा माल वीस मिनिटांत संपतो, त्याला प्लांटमध्ये काही तास लागतात.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, पण समजले ते नोकरीच्या पहिल्या वर्षी. कारखान्याचे नाव घेत नाही. नायट्रेशनची (सेंद्रिय पदार्थावर नायट्रिक आम्लाची अभिक्रिया करण्याची) बॅच होती, तापमान ५ ते १० अंशांत ठेवायचे होते आणि मी रात्रपाळीला एकटा ट्रेनी इंजिनिअर होतो. मध्यरात्रीनंतर विजेचा झटका येऊन अॅजिटेटर (ढवळणारे यंत्र) ट्रिप झाला. ब्राइनचा (थंडावा देणाऱ्या खारट पाण्याचा) पंप आणि आम्लाची डोसिंग मात्र चालू राहिली, कारण तेव्हा तिथे अॅजिटेटर आणि डोसिंग यांचा इंटरलॉक (एक बंद पडले की दुसरे आपोआप थांबवणारी जोडणी) नव्हता. तापमान ६ अंशांवर स्थिर दिसत होते म्हणून मी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात ढवळणे थांबल्यामुळे आम्ल आणि सेंद्रिय पदार्थ यांचे दोन थर झाले होते आणि अभिक्रिया न होता आम्ल नुसते साठत होते. वीस मिनिटांनी अॅजिटेटर बंद आहे हे माझ्या लक्षात आले आणि मी तो सुरू केला. साठलेले सगळे आम्ल एकदम मिसळले. काटा ६ वरून १५, मग २५, मग ४० वर गेला. तो चढताना डोळ्यांना दिसत होता. शेजारच्या रिअॅक्टरवरचे वयस्क ऑपरेटर धावत आले, त्यांनी मला बाजूला सारले आणि खालचा डम्प व्हॉल्व्ह पूर्ण उघडून संपूर्ण बॅच पाण्याच्या टाकीत सोडली. कुणाला इजा झाली नाही.

त्या रात्री मी काय चुकलो हे काहील सरांच्याच भाषेत सांगता येते. आत काय येते आहे ते मला माहीत होते, पण ते कुठे जाते आहे हा प्रश्न मी विचारला नाही. तापमान वाढत नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे असा नव्हता. उष्णता तयारच होत नव्हती, म्हणजे अभिक्रिया होत नव्हती, म्हणजे आम्ल साठत होते. नव्या मुलांना हा प्रसंग जरूर सांगा.

द्वितीय वर्ष

सर, मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे माझा अनुभव ताजा आहे. आम्हाला 'आत आले, वजा बाहेर गेले, अधिक तयार झाले, वजा खर्च झाले, बरोबर साठले' हे समीकरण पहिल्या आठवड्यात दिले गेले. त्यातले 'साठले' हे पद गणितात बहुतेक वेळा शून्यच धरायचे असल्यामुळे मी ते जवळजवळ विसरून गेलो होतो. अंबरनाथ सरांचा प्रसंग वाचल्यावर ते पद कशासाठी आहे हे मला पहिल्यांदा समजले, त्याबद्दल मनापासून आभार.

माझी एक अडचण आहे. रेनॉल्ड्स संख्येसारख्या गोष्टी (घनता, वेग आणि पाइपचा व्यास यांच्या गुणाकाराला श्यानतेने, म्हणजे द्रवाच्या दाटपणाने, भागून येणारी संख्या) आम्हाला सूत्र म्हणून येतात. २१०० च्या खाली शांत प्रवाह आणि वर गेल्यावर खळबळाट, एवढे लिहिले की गुण मिळतात. ही संख्या 'पाहायची' कशी?

काहील

स्वयंपाकघरातला नळ अगदी हळू उघडा. बारीक धार काचेच्या कांडीसारखी स्वच्छ, स्थिर दिसते. नळ आणखी उघडत गेलात की एका टप्प्याला ती धार खडबडीत, अपारदर्शक होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला हेच काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून दाखवले होते. वेग कमी असताना रेघ सरळ राहिली, वाढल्यावर तुटून संपूर्ण पाण्यात मिसळली.

आता आकडे घाला. २५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपमधून पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर रेनॉल्ड्स संख्या येते सुमारे २५,०००. त्याच पाइपमधून त्याच वेगाने घट्ट काकवी ढकलली, जिची श्यानता पाण्याच्या दहा हजार पट आहे असे समजू, तर संख्या येते तीन किंवा चार. पाइप तोच, वेगही तोच, पण एका प्रवाहात सगळे आपोआप मिसळते आणि दुसऱ्यात थरावर थर सरकतात. काकवीत काही मिसळायचे असेल तर नुसता वेग वाढवून भागणार नाही, वेगळ्या आकाराचा अॅजिटेटर लागेल, हा निर्णय त्या संख्येवरून होतो. सूत्र पाठ असण्यापेक्षा संख्या पाहून डोळ्यांसमोर प्रवाह उभा राहणे महत्त्वाचे आहे, आणि ती सवय लागायला वेळ लागतो, त्यामुळे आत्ता येत नाही म्हणून खचू नका.

चिपळूणची आई

नमस्कार. माझी मुलगी बारावीला आहे आणि तिला ही शाखा घ्यायची आहे, म्हणून हा धागा काळजीपूर्वक वाचते आहे. लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आमच्यापासून लांब नाही. वास, खाडीतले पाणी, मासेमारी करणाऱ्यांच्या तक्रारी हे सगळे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आणि सोसत आलो आहोत. अंबरनाथ यांचा प्रसंग वाचून मला प्रामाणिकपणे भीती वाटली. आपल्या मुलीने अशा क्षेत्रात जावे का, हा माझा एक प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, मुली प्लांटवर काम करतात का, की शेवटी त्यांना कार्यालयातच बसवले जाते?

ईटीपी

ताई, मी गेली अकरा वर्षे सांडपाणी प्रक्रियेचे काम करतो आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. तुमची तक्रार खरी आहे. कारखान्याच्या ताळेबंदात जे लिहायचे टाळले गेले, ते ओढ्यात आणि हवेत उतरते, असे मी माझ्या कामातून शिकलो आहे.

रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये एक साधे माप मांडले: एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा तयार होतो? मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या रसायनांत तो साधारण एक किलोहून कमी ते पाच किलो निघाला, तर औषधनिर्मितीत पंचवीस ते शंभर किलो. लोकांना वाटते त्याच्या हे अगदी उलट आहे. गोळी जितकी शुद्ध हवी, तितके टप्पे जास्त, आणि प्रत्येक टप्प्याला सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव), आम्ल, क्षार, पाणी. हा कचरा कमी करण्याचे बहुतेक मार्ग केमिकल इंजिनिअरच्याच हातात असतात: सॉल्व्हंट पुन्हा ऊर्ध्वपातन करून वापरणे, पाण्याऐवजी दुसऱ्या माध्यमात धुणे, तीव्र क्षारांचा प्रवाह सौम्य प्रवाहात मिसळू न देता वेगळा ठेवणे. शेवटची गोष्ट अतिशय साधी वाटते, पण एकदा सगळे एका गटारात एकत्र झाले की ते वेगळे करण्याचा खर्च कितीतरी वाढतो. माझ्याकडे येणाऱ्या पाण्याचे भवितव्य माझ्या टाकीत ठरत नाही, दोनशे मीटर अलीकडे रिअॅक्टरखाली कोणता व्हॉल्व्ह कुठल्या नाल्याला जोडला आहे त्यावर ठरते.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू धुणारा स्क्रबर आणि वायू जाळणारी फ्लेअर, दोन्ही त्या रात्री काम देण्याच्या स्थितीत नव्हत्या. पण ब्रिटिश अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ यांनी आणखी मूलभूत प्रश्न विचारला. हा पदार्थ विकण्याचा नव्हता, मधल्या टप्प्याचा होता, तर तो एवढ्या प्रमाणात साठवलाच का? धोक्यावर पहारा बसवण्याआधी धोकाच कमी करावा, हा विचार आता या विषयाचा भाग आहे. त्यानंतर आपल्याकडे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. कायदा असूनही अपघात होतात, हे मी नाकारत नाही. तुमच्या परिसराचे दुःख जवळून पाहिलेली मुलगी या कामात आली, तर ती ताळेबंदाची शेवटची ओळ कोरी सोडणार नाही, असे मला वाटते.

पिंपरी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण मी स्वतः प्लांटवर काम केले आहे. हो, मुली प्लांटवर काम करतात. मी लागले तेव्हा फर्मेंटेशन (सूक्ष्मजीव वाढवून पदार्थ बनवण्याच्या) विभागात आम्ही दोघीच होतो आणि सुरुवातीची काही वर्षे आम्हाला रात्रपाळी दिली जात नव्हती. मुली आता शिफ्ट इंचार्ज म्हणूनही दिसतात. अडचणी संपलेल्या नाहीत. मुलाखतीत 'शिफ्टला घरचे परवानगी देतील का?' असा प्रश्न मुलांना कुणी विचारत नाही, तो आम्हालाच विचारला जातो. नोकरी घेताना प्लांटवर स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह आणि रात्रीची वाहतूक आहे का, हे तुमच्या मुलीने जरूर विचारावे. हे विचारण्यात संकोच करू नये.

एक नाव तिला सांगा: मार्गारेट हचिन्सन रूसो. अमेरिकेत एमआयटीतून १९३७ मध्ये रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री. पेनिसिलिन मोठ्या टाक्यांत खोलवर वाढवून तयार करण्याच्या पहिल्या व्यापारी कारखान्याचे डिझाइन तिने केले. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. पण बुरशी ताटल्या-बाटल्यांत पृष्ठभागावर वाढवून किती औषध मिळणार? हजारो लिटरच्या टाकीत बुरशीला सतत निर्जंतुक हवा पुरवायची, तयार होणारी उष्णता काढून घ्यायची, फेस आवरायचा आणि एकही परका जंतू आत शिरू द्यायचा नाही, हे सगळे जमले तेव्हा ते औषध सामान्य रुग्णापर्यंत पोहोचले. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली, ती याच तंत्रावर. काहील सर, औषध शोधणे आणि औषध सर्वांना पुरेल इतके बनवणे यांतला फरक दाखवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

माटुंगा

इतिहासाचा थोडा भाग असावा, पण सनावळ्या पाठ करण्यापुरता नसावा. मँचेस्टरला जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७ मध्ये व्याख्याने दिली, १८८८ मध्ये एमआयटीत अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९१५ मध्ये आर्थर लिटल यांनी 'युनिट ऑपरेशन' ही कल्पना नावासकट मांडली. साखर असो, रंग असो की औषध असो, आटवणे, गाळणे, वाळवणे, ऊर्ध्वपातन या क्रिया त्याच असतात. या एका कल्पनेमुळे हा विषय स्वतःच्या पायांवर उभा राहिला. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९३३ चा. माटुंग्याची आजची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) ती हीच. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ ची, ती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून उभी राहिली. स्वातंत्र्याच्या आधीच आजच्या महाराष्ट्रात या शाखेची दोन घरे होती, ही गोष्ट मुलांना अभिमानाने सांगावी.

मात्र इतिहासातला एकच प्रसंग सांगायचा झाला, तर मी अमोनियाचा सांगेन. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया होतो हे फ्रिट्झ हाबर यांनी टेबलावर दाखवले. तो कारखान्यात आणण्याचे काम कार्ल बॉश यांच्याकडे आले, आणि त्यांचे सुरुवातीचे शिक्षण धातुविज्ञानाचे आणि यंत्रांचे होते, हे इथे महत्त्वाचे ठरले. सुमारे २०० वातावरणांचा दाब आणि पाचशे अंशांच्या आसपासचे तापमान यांत पोलादी नळ्या काही दिवसांत फुटू लागल्या. तपासल्यावर कळले की हायड्रोजन पोलादात शिरून त्यातल्या कार्बनचा मिथेन करतो आहे आणि पोलाद ठिसूळ होते आहे. बॉश यांनी आत मऊ लोखंडाचे अस्तर घातले, ज्यात कार्बन जवळजवळ नसतोच, आणि बाहेरच्या मजबूत पोलादी कवचाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे अस्तरातून झिरपलेला हायड्रोजन पोलादात न मुरता बाहेर निघून जाईल. दाबाच्या भांड्याला मुद्दाम छिद्रे पाडायची हे सुचायला रसायन, धातू आणि यंत्र तिन्ही समजावे लागतात. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. आज अलिबागजवळ थळला नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि युरिया तयार होतो, तो याच वाटेने.

एओसीपी

मी आयटीआयमधून अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा ट्रेड केला आणि एकोणीस वर्षे ऑपरेटर आहे. अंबरनाथ साहेबांनी त्या रात्रीच्या ऑपरेटर काकांचा उल्लेख केला, त्यामुळे लिहावेसे वाटले. नवे इंजिनिअर येतात तेव्हा त्यांना हिशेब चांगला येतो, पण कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसणारी रेघ म्हणजे बाहेरचा नेमका कोणता पाइप, हे पुष्कळांना महिना उलटला तरी दाखवता येत नाही. माझे सांगणे एवढेच आहे की पहिल्या महिन्यात ड्रॉइंग हातात घेऊन टाकीपासून रिअॅक्टरपर्यंत प्रत्येक लाइन पायी चालून पाहावी. वाटेत प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक ब्लाइंड (पाइप पक्का बंद करणारी चकती), प्रत्येक स्टीम ट्रॅप (वाफ अडवून तिचे झालेले पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) पाहावा. आमच्याकडे एका ट्रेनी मॅडमनी असे चालताना ड्रॉइंगमध्ये नसलेला एक जुना बायपास शोधला होता, जो आम्हा सर्वांना माहीत होता आणि कुणीच कागदावर आणला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो ब्लाइंड केला.

आणि ऑपरेटरला प्रश्न विचारण्यात कमीपणा मानू नये. पंपाचा आवाज बदलला, वास बदलला, साइट ग्लासमधला रंग बदलला, हे आम्हाला मीटरच्या आधी कळते. ते का बदलले याचे कारण आम्हाला दर वेळी सांगता येत नाही. त्यासाठी तुमचे शिक्षण आहे.

द्वितीय वर्ष

दादा, आमच्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगच्या आधी हे वाचायला मिळाले, हे बरे झाले. नोकऱ्यांबद्दलही कुणी लिहावे, कारण वर्गात सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच असते.

काहील

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. माहुलच्या रिफायनऱ्या, खते, औषधे, रंग, साखर आणि अल्कोहोल, खाद्यपदार्थ, मुंबई-पुण्यातली प्रोसेस डिझाइनची कार्यालये, अलीकडे बॅटरी आणि हायड्रोजनची कामे, अशा ठिकाणी आमची मुले जातात. सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रातल्या मोठ्या आकड्यांच्या तुलनेत बहुधा कमी असतो आणि पहिली नोकरी गावापासून लांब, वसाहतीत, शिफ्टची असते. हे मी लपवत नाही. पाच-सात वर्षांनी प्रक्रिया नीट समजलेल्या माणसाची किंमत वेगळी होते, हेही मी पाहिले आहे. पण पगाराच्या तुलनेवर पहिला तास खर्च करावा असे मला वाटत नाही.

या चर्चेमुळे माझ्या तासात बदल होणार आहे. गुऱ्हाळ राहील, पण 'साठले' हे पद शिकवताना अंबरनाथ यांची रात्र सांगेन. त्यांची परवानगी आहे असे धरतो. ईटीपी यांचा नाल्याचा मुद्दा मी आजवर चौथ्या वर्षासाठी ठेवत होतो, तो आता पहिल्या दिवशी येईल. गुऱ्हाळाच्या चित्रातच मी मळी आणि धूर यांचे बाण काढले नव्हते, हे वर स्वतःचे लिखाण पुन्हा वाचताना ध्यानात आले. एक इच्छा मात्र अपुरी आहे. मुलांना हे फळ्यावर नव्हे, प्रत्यक्ष मोजायला मिळावे.

करवीर

सर, आमचे घरचे गुऱ्हाळ आहे आणि मी स्वतः केमिकलचा डिप्लोमा केला आहे. हंगामात मुलांना घेऊन या. दिवाळीनंतर काहिली नियमित लागतात. तीस-पस्तीस मुलांची सोय होईल, फक्त चुलवाणाच्या बाजूला एका वेळी पाच-सहा जणच उभे करू, कारण उकळता रस अंगावर उडतो.

मोजण्यासारखे बरेच आहे. रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) घाण्यापाशीच घेता येईल. रानभेंडीचा चीक घातल्यावर वर येणारी मळी वेगळी काढून तोलता येईल, म्हणजे तुमचा सोडून दिलेला अंशही मिळेल. (मुलांना आधी सांगा की आमच्याकडे मळी म्हणजे ही वर आलेली घाण, आणि साखर कारखान्यात मळी म्हणजे मोलॅसिस, माझा स्वतःचा यात पहिल्या सत्रात घोटाळा झाला होता.) चिपाडाच्या भाऱ्यांचे वजन करायला ताणकाटा आहे. धुराड्याच्या तोंडाचे तापमान घेण्याचे साधन मात्र तुम्हाला आणावे लागेल.

सगळ्यात पाहण्यासारखी वेळ शेवटची पंधरा मिनिटे असते. रस आधी शंभर अंशांच्या जवळच बराच वेळ उकळत राहतो. पाणी कमी होईल तसा त्याचा उत्कलनबिंदू चढू लागतो आणि शेवटी फार भराभर चढतो. आमचे गुळवे काका पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतात आणि 'उतरवा' म्हणतात. मी दोन हंगाम थर्मामीटर लावून पाहिले आहे. ते म्हणतात तेव्हा पारा बहुतेक वेळा ११८ अंशांच्या आसपास असतो, एखाद-दोन अंश इकडे-तिकडे. लागणीच्या (नव्याने लावलेल्या) आणि खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या) उसाला हा बिंदू वेगळा येतो का, हे मला बघायचे आहे, पण काहील उतरवायच्या घाईत एकट्याने नोंदी होत नाहीत. तुमची मुले दोन गट करून दोन काहिलींवर थांबली, तर एका दिवसात ते कळेल. थर्मामीटर १५० अंशांपर्यंतचा आणि लांब दांड्याचा आणा.